आजचं वेळापत्रक कुठलं? शॉर्टवेव्हवरची इंग्रजी प्रसारणं शोधताना

आजचा विषय ऐकायला छोटा वाटेल. शॉर्टवेव्हवर इंग्रजी कार्यक्रम कुठल्या केंद्रावर, किती वाजता, कुठल्या आकड्यावर लागतात, याचं आजचं वेळापत्रक कसं मिळवायचं, एवढाच. यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे, असं कुणी म्हणेल. नेटवर टाइप करा, मिळेल. मिळतं, नक्की मिळतं. पण जे मिळतं ते बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं असतं, आणि तसं त्यावर कुठे लिहिलेलं नसतं.

होतं काय, की कुणीतरी हौसेनं नवा रेडिओ घेतो, किंवा माळ्यावरचा जुना ट्रान्झिस्टर खाली काढतो, सेल घालतो, नेटवरून एक यादी उतरवून घेतो. यादीत रेडिओ नेदरलँड्स आहे, रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल आहे, रेडिओ ऑस्ट्रेलिया आहे, स्विस रेडिओ आहे. संध्याकाळी गच्चीवर बसून एकेक आकडा लावून बघतो, तर खरखरीशिवाय काही नाही. मग तो तीनपैकी एक निष्कर्ष काढतो. रेडिओ बिघडलाय, किंवा आपल्या भागात हे लागत नाही, किंवा शॉर्टवेव्ह हा प्रकारच संपला. आता बघा, स्विस रेडिओनं शॉर्टवेव्ह बंद केलं २००४ साली. कॅनडा आणि नेदरलँड्सनं जून २०१२ मध्ये. ऑस्ट्रेलियानं ३१ जानेवारी २०१७ ला. म्हणजे हा माणूस चार बंद दुकानांच्या कड्या वाजवत बसलाय, आणि शेजारची उघडी दुकानं त्याला दिसतच नाहीत, कारण ती त्याच्या यादीत नाहीत किंवा जुन्या पत्त्यावर आहेत.

उघडी दुकानं आहेत. चायना रेडिओ इंटरनॅशनल आहे, जपानचं एनएचके आहे, दक्षिण कोरियाचं केबीएस आहे, व्हिएतनाम, रोमानिया, तुर्कस्तान, न्यूझीलंड, ही सगळी इंग्रजीत बोलणारी केंद्रं आहेत. बीबीसीसुद्धा आहे, पूर्वीपेक्षा फार कमी तास, पण आहे. ती शोधायची कशी, हे सांगण्याआधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या. वेळापत्रक हा एक दावा असतो. तो कुणी केला, कोणत्या हंगामासाठी केला, आणि दावा करणाऱ्यानं स्वतः कानानं ऐकलं होतं की नाही, या तीन गोष्टी कळल्या की यादी वापरता येते. नाही कळल्या तर ती यादी कितीही देखणी असो, बाजूला ठेवा.

हंगाम म्हणजे काय, ते आधी बघू. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना पंचवीस मीटर, एकतीस मीटर, एकेचाळीस मीटर हे शब्द पाठ आहेत, ते रेडिओ सिलोनमुळे आणि अमीन सायानींच्या गीतमालेमुळे. त्या काळी सुई एकदा जागेवर बसली की वर्षानुवर्षं तिथेच, असं आठवणीत राहिलंय. मिडियम वेव्हला ते खरं आहे. पण लांबच्या देशातून येणारं शॉर्टवेव्ह आकाशातल्या एका थरावर आपटून, परावर्तित होऊन आपल्यापर्यंत येतं. त्या थराला आयनांबर म्हणतात. तो थर तयार होतो सूर्याच्या उन्हामुळे. ऊन असताना तो दाट असतो, रात्री विरळ होतो. उन्हाळ्यात एक तऱ्हा, हिवाळ्यात दुसरी, आणि सूर्यावरचे डाग अकरा-एक वर्षांच्या चक्रात वाढतात-घटतात तशी तिसरी. दिवसा वरचे आकडे चालतात, पंधरा हजार, सतरा हजार किलोहर्ट्झ. रात्री तेच आकडे आकाशाच्या आरपार निघून जातात आणि सहा हजार, सात हजार, नऊ हजार कामाला येतात. त्यामुळे केंद्रांना वर्षातून आकडे बदलावेच लागतात. त्यांची लहर म्हणून कुणी बदलत नाही.

हे बदल पूर्वी वर्षातून चार वेळा होत. आता आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दोनच हंगाम आहेत. मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो तो ए हंगाम, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सुरू होतो तो बी हंगाम. अक्षरापुढे वर्षाचे शेवटचे दोन आकडे. म्हणजे ए२५ हा ३० मार्च २०२५ ला सुरू झाला आणि २६ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्याच दिवशी बी२५ सुरू झाला, तो २९ मार्च २०२६ पर्यंत. बी हंगाम नव्या वर्षात शिरतो, पण नाव जुन्या वर्षाचंच राहतं, एवढं ध्यानात ठेवा. जानेवारीत शोधताना अनेक जण इथे चुकतात.

आता ही खूण तुमच्या हातात आली. यापुढे कुठलीही यादी उघडली की पहिल्यांदा डोळ्यांनी ए किंवा बी आणि वर्ष शोधायचं. सापडलं नाही तर यादी बंद करायची. निम्मा कचरा इथेच गळून पडतो. आणि शोधतानासुद्धा नुसतं इंग्रजी शॉर्टवेव्ह वेळापत्रक असं न शोधता चालू हंगामाचं नाव घालून शोधायचं, म्हणजे २००९ ची पानं आपोआप मागे जातात.

दुसरी गोष्ट वेळेची. सगळ्या चांगल्या याद्या यूटीसीमध्ये असतात, म्हणजे ग्रिनिचची वेळ म्हणा. आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. चौदाशे लिहिलंय म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. पंधरातीस म्हणजे रात्रीचे नऊ. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. अडकतं ते रात्री उशिराच्या कार्यक्रमांना. यादीत शनिवार आणि वीस वाजता असं असेल, तर आपल्याकडे तो रविवार उजाडलेला असतो, पहाटेचा दीड. यूटीसीचे साडेअठरा वाजले की आपली तारीख बदलते. आठवड्यातून एकदाच असणारे कार्यक्रम, टपाल-उत्तरांचे वगैरे, यामुळेच हुकतात. माझं मत विचाराल तर रेडिओपाशी एक स्वस्तातलं घड्याळ यूटीसीला लावून कायमचं ठेवून द्या. डोक्यात वजाबाकी करण्यापेक्षा ते बरं.

यात उन्हाळी वेळेचा गोंधळ वेगळाच. आपण घड्याळं पुढे-मागे करत नाही, युरोपवाले करतात. समजा एखादा कार्यक्रम लंडनच्या लोकांच्या संध्याकाळच्या सातला बांधलेला आहे. हिवाळ्यात तो आपल्याला रात्री साडेबाराला येतो आणि उन्हाळ्यात साडेअकराला. कार्यक्रम तोच, तिथली वेळही तीच, आपल्या घड्याळात मात्र तासाभरानं सरकलेला. उलट जे कार्यक्रम मुद्दाम भारत-पाकिस्तानसाठी असतात ते बहुधा आपल्या वेळेला धरून राहतात आणि फक्त आकडा बदलतो. त्यामुळे मार्चमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये एखादं केंद्र अचानक गायब झालं तर आधी त्याच आकड्यावर एक तास अलीकडे-पलीकडे बघा, मग त्याच वेळेला दुसरे आकडे बघा. पुष्कळदा सापडतं.

आणि घड्याळ बदलण्याचा एक अफाट नमुना सांगतो. उत्तर कोरियानं १५ ऑगस्ट २०१५ ला आपलं अख्ख्या देशाचं घड्याळ अर्धा तास मागे घेतलं. प्याँगयांगचं व्हॉइस ऑफ कोरिया हे इंग्रजीतही बोलणारं केंद्र तिथल्या स्थानिक वेळेला बांधलेलं. त्यामुळे त्याचे जे कार्यक्रम यूटीसीच्या पूर्ण तासाला सुरू व्हायचे ते एका रात्रीत साडेच्या ठोक्यावर गेले. हंगाम बदलला नव्हता, आकडे बदलले नव्हते, आणि तरी आदल्या दिवसापर्यंत अचूक असलेली यादी अर्ध्या तासानं खोटी ठरली. मे २०१८ मध्ये त्यांनी घड्याळ पुन्हा पूर्ववत केलं, की परत उलटं. हे बदल पहिल्यांदा टिपले ते जगभरच्या हौशी श्रोत्यांनी, कानानं ऐकून.

इथून आपण याद्यांच्या मुख्य भागाकडे येतो. याद्या तीन जातीच्या असतात, आणि त्या तिघी तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात.

पहिली जात नोंदणीची. एचएफसीसी नावाची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, प्रागमधून चालते. वेगवेगळ्या देशांची प्रसारण केंद्रं आणि ट्रान्समीटर चालवणाऱ्या कंपन्या तिथे येतात, आणि पुढच्या हंगामात कोण कुठला आकडा किती वाजता वापरणार हे एकमेकांच्या पायावर पाय न पडता ठरवतात. लग्नसराईत कार्यालयांच्या तारखा ठरवाव्यात तसं. ही नोंदणी त्यांच्या संकेतस्थळावर सगळ्यांना बघता येते. त्यात आकडा, सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, ट्रान्समीटरची जागा, त्याची ताकद किती किलोवॅट, अँटेना कुठल्या दिशेला तोंड करून आहे, आणि कुठल्या प्रदेशासाठी, असं सगळं असतं. प्रदेशाला क्रमांक असतात. आपला भारतीय उपखंड ४१ क्रमांकाच्या पट्ट्यात येतो. म्हणजे भाषा इंग्रजी आणि पट्टा ४१ असं चाळलंत तर तुमच्याकडे मुद्दाम रोखलेली प्रसारणं वेगळी निघतात. फार उपयोगाचं आहे हे.

पण कार्यालय बुक झालं म्हणजे लग्न झालंच असं नाही. नोंदणी महिनोन्‌महिने आधी होते. काही केंद्रं पुढेमागे लागेल म्हणून जागा धरून ठेवतात आणि तिथे कधीच बोलत नाहीत. आणि काही वेळा बोलणारंच उरत नाही. १५ मार्च २०२५ ला व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या जवळजवळ सगळ्या कर्मचाऱ्यांना रजेवर पाठवलं गेलं आणि त्यांची प्रसारणं ठप्प झाली. त्यानंतर दोनच आठवड्यांनी ए२५ हंगाम उजाडला. हंगामाच्या जुळवाजुळवीचं काम तर कितीतरी आधी झालेलं असतं. नुसत्या नोंदणीवर विसंबणाऱ्याला ही उलथापालथ कळणार कुठून? शिवाय उलटही होतं. जे या संघटनेत बसत नाहीत, उदाहरणार्थ ते प्याँगयांग, त्यांचा पत्ता नोंदणीत शोधायला जाऊ नका.

दुसरी जात ऐकणाऱ्यांची. यात सगळ्यात कामाची यादी ईआयबीआय नावाची. एका जर्मन हौशी श्रोत्यानं वर्षानुवर्षं सांभाळलेली, फुकट मिळणारी. उच्चार आयबी असा करतात, गुप्तचर खात्याशी काही संबंध नाही. दुसरी जपानची आओकी यादी. या याद्या नोंदणी, केंद्रांची पत्रकं आणि ठिकठिकाणच्या श्रोत्यांनी खरोखर काय ऐकलं, हे सगळं एकत्र करून बनतात आणि हंगाम चालू असतानाही दुरुस्त होत राहतात. म्हणून डोक्यावर शेवटची दुरुस्ती कधीची ते बघायचं. आओकी यादीत काही नोंदींपुढे तारा असतो, म्हणजे त्या प्रसारणावर कुणीतरी मुद्दाम गोंगाट सोडतंय. असा तारा दिसला तर तुमच्या रेडिओला दोष देऊ नका.

ईआयबीआयची एक ओळ वाचून बघू. ओळीत आधी आकडा, किलोहर्ट्झमध्ये. मग यूटीसी वेळ, कुठून कुठपर्यंत. मग वार. मग केंद्राच्या देशाचा संकेत, केंद्राचं नाव, भाषा, कुठल्या प्रदेशासाठी, आणि ट्रान्समीटर कुठे. भाषेच्या रकान्यात इंग्रजीसाठी नुसतं ई हे अक्षर. ही फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडा, भाषेच्या रकान्यावर ई अशी गाळणी लावा, वेळेनं क्रम लावा, झालं तुमचं इंग्रजीचं वेळापत्रक तयार. हजारो ओळींतून हव्या त्या शंभर-दोनशे राहतात. ज्यांना स्प्रेडशीट नको त्यांच्यासाठी शॉर्ट-वेव्ह डॉट इन्फो सारखी संकेतस्थळं आहेत, तिथे केंद्र निवडलं की त्याच्या नोंदी दिसतात, आकडा टाकला की त्यावर कोण आहे ते दिसतं. मोबाईलवरची बरीच अॅपं आतून याच याद्या वापरतात. फक्त अॅपमधली यादी चालू हंगामाची आहे का, हे सेटिंगमध्ये जाऊन बघा. बऱ्याच अॅपांचे मालक त्यांना सोडून गेलेत.

ट्रान्समीटरच्या रकान्याबद्दल दोन शब्द जास्त बोलतो, कारण तिथे गंमत आहे. केंद्राचा देश एक आणि आवाज निघतो दुसरीकडून, हे शॉर्टवेव्हमध्ये रोजचं आहे. बीबीसीचा आवाज ओमानमधल्या ट्रान्समीटरवरून येतो, तर कुणाचा फ्रान्स किंवा मादागास्करमधून. ईआयबीआयमध्ये ट्रान्समीटर परदेशात असेल तर तिरपी रेघ आणि पुढे त्या देशाचा संकेत असतो. कोकणात किंवा पुण्यात बसून ऐकताना मला हा रकाना केंद्राच्या नावापेक्षा महत्त्वाचा वाटतो. ओमान आपल्याला जवळ आहे, अरबी समुद्र ओलांडला की झालं. तिथून निघालेलं इंग्रजी प्रसारण आफ्रिकेसाठी असलं तरी कधीकधी आपल्याकडे स्वच्छ लागतं. उलट केंद्राचं नाव ओळखीचं असलं तरी अँटेना दक्षिण अमेरिकेकडे तोंड करून असेल, तर रात्र जागवूनही फारसं हाती लागणार नाही.

आणि एक खड्डा, ज्यात अनुभवी माणसंही पडतात. वार आकड्यात लिहिलेले असतात. ईआयबीआयमध्ये १ म्हणजे सोमवार. एचएफसीसीमध्ये १ म्हणजे रविवार. दोन्ही याद्या शेजारी उघडून ताडून बघताना हे विसरलं की सगळे वार एका दिवसानं घसरतात. त्यात आपला मध्यरात्रीचा घोळ मिसळला की बघायलाच नको.

तिसरी जात केंद्राच्या स्वतःच्या पत्रकाची. हे सगळ्यात अधिकृत, आणि माझ्या मते सगळ्यात बेभरवशाचं. काही केंद्रं नेमानं नवी पत्रकं टाकतात. काहींच्या संकेतस्थळावर शॉर्टवेव्हचं पान हे अडगळीच्या खोलीसारखं झालंय, कारण त्यांचं सगळं लक्ष मोबाईल आणि व्हिडिओकडे. आज रात्री कार्यक्रमात कोणता विषय आहे, हे कळायला मात्र केंद्राचंच पान लागतं. यादी तुम्हाला दारापर्यंत नेते, आत काय चाललंय ते सांगत नाही.

आता एक खरं उदाहरण घेऊ, म्हणजे हे सगळे धागे एकत्र येतील. रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर मार्च २०२२ च्या सुरुवातीला बीबीसीनं जाहीर केलं, की युक्रेन आणि रशियाच्या काही भागांसाठी आम्ही दोन नव्या आकड्यांवर रोज चार तास इंग्रजी बातम्या देतोय. १५७३५ किलोहर्ट्झ, दुपारी चार ते सहा. ५८७५ किलोहर्ट्झ, रात्री दहा ते बारा. ही बातमी जगभर फिरली. तिकडे मोबाईलचे मनोरे बंद पडतील, संकेतस्थळं अडवली जातील, तेव्हा खिशातल्या रेडिओवर तरी बातमी मिळावी हा हेतू.

आता ही माहिती आपल्या कसोटीवर लावा. दोन आकडे बघा. दुपारी वरचा, रात्री खालचा. मघाशी सांगितलं तसंच. वेळ कुठली? युक्रेनची. यूटीसी नाही. तेव्हा तिकडे हिवाळी वेळ चालू होती, यूटीसीच्या दोन तास पुढे. म्हणजे पहिला कार्यक्रम यूटीसी चौदा ते सोळा, आपले संध्याकाळचे साडेसात ते साडेनऊ. दुसरा यूटीसी वीस ते बावीस, म्हणजे आपल्याकडे पुढच्या तारखेची पहाट, दीड ते साडेतीन. आणि हंगाम कुठला? बी२१. तो संपणार २७ मार्च २०२२ ला, आणि त्याच रविवारी युक्रेनची घड्याळंही एक तास पुढे जाणार. म्हणजे सुरुवातीला जे लोकांनी आपापल्या भिंतीवर चिकटवलं, ते चार आठवड्यांत पुन्हा तपासायची वेळ येणार होती. त्या बातमीत ना हंगाम होता ना यूटीसी. घाईत, लोकांना समजावं म्हणून दिलेली माहिती होती, त्यात चूक काहीच नव्हतं. पण तीच ओळ कुणी पुढे वर्षभर चालू माहिती म्हणून पाठवत राहिला, तर युद्धात अडकलेला माणूस चुकीच्या वेळी रेडिओ लावेल आणि त्याला बातम्या अर्धवट मिळतील, किंवा काहीच नाही. म्हणून मी यादीच्या तारखेबद्दल इतका हट्टी आहे.

आता समजा यादी चांगली आहे, हंगाम बरोबर, वेळ बरोबर, आणि रेडिओवर इंग्रजी बोलणं ऐकू आलं. काम झालं का? अजून नाही. ऑस्ट्रेलियानं २०१७ साली शॉर्टवेव्ह सोडलं, त्यानंतर त्यांचे काही जुने आकडे चायना रेडिओ इंटरनॅशनलनं वापरायला घेतले. ही गोष्ट २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियन वृत्तमाध्यमांतच गाजली. म्हणजे जुनी यादी घेऊन बसलेल्या माणसाला रेडिओ ऑस्ट्रेलियाच्या आकड्यावर छान इंग्रजी ऐकू येणार, आशिया-पॅसिफिकच्या बातम्या येणार, आणि तो वहीत रेडिओ ऑस्ट्रेलिया असं लिहून झोपणार. केंद्राची ओळख कानानं पटवायची असते. पूर्ण तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या दोन मिनिटं आधी त्या आकड्यावर जाऊन थांबा. आकाशवाणीची सकाळची धून जशी आपल्याला झोपेतही ओळखू येते, तशी प्रत्येक केंद्राची स्वतःची धून असते, आणि तिच्यामागून नाव येतं. नाव ऐकल्याशिवाय नोंद करायची नाही.

आणि काहीच ऐकू आलं नाही तर? आधी घरातला आवाज कमी करा. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर, हे सगळे शॉर्टवेव्हचे वैरी. रेडिओ सेलवर लावून गच्चीत किंवा मैदानात न्या. तरी नाही, तर दूरचा कान वापरा. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात एक रिसीव्हर आहे, तो ब्राउझरमधून कुणालाही चालवता येतो. किवीएसडीआर नावाचे असेच शेकडो रिसीव्हर जगभर लोकांनी जोडून ठेवलेत. प्रसारण ज्या प्रदेशासाठी आहे तिथला रिसीव्हर उघडा आणि तोच आकडा त्याच वेळी लावा. तिथे ऐकू आलं तर केंद्र चालू आहे, आपल्यापर्यंत पोचत नाही एवढंच. दोन-तीन दिवस तिथेही शांतता असेल तर यादीतली ओळ मेलेली समजा. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण रेडिओ दुरुस्तीला नेण्याआधी जरूर करा.

थोडे प्रश्न आलेत, ते घेतो.

पहिला प्रश्न, छापील पुस्तक मिळतं का? वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक हे १९४७ पासून निघालेलं वार्षिक. मूळचं डेन्मार्कचं. त्याच्या आधीच्या चमूनं २०२२ ची आवृत्ती काढून काम थांबवलं, मग ते जर्मनीतल्या प्रकाशकाकडे गेलं. पासपोर्ट टू वर्ल्ड बँड रेडिओ म्हणून दुसरं होतं, ते २००९ च्या आवृत्तीनंतर बंद झालं. अप्पा बळवंत चौकात किंवा कुठे जुन्या पुस्तकांत यांची प्रत दिसली तर जरूर घ्या, बँड म्हणजे काय, अँटेना कशी बांधावी, हे समजायला उत्तम. पण त्यातले आकडे लावून बघू नका. वर्षातून एकदा छापलेलं पुस्तक वर्षातून दोनदा बदलणाऱ्या वेळापत्रकाला पुरं पडत नाही.

दुसरा प्रश्न थोडा टोचणारा आहे. मोबाईलवर सगळी केंद्रं स्वच्छ ऐकू येतात, मग हा खटाटोप कशाला? मोबाईल चालू असेपर्यंत तुमचं बरोबर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये फोन आणि इंटरनेट बंद झालं, तेव्हा बीबीसीनं शॉर्टवेव्हवरची हिंदी आणि इंग्रजीची वेळ वाढवली आणि उर्दूत पंधरा मिनिटांचा कार्यक्रम सुरू केला. त्या दिवसांत तिथल्या माणसाला पॉडकास्टचा उपयोग नव्हता, दोन आकडे आणि एका वेळेचा होता. आणि लगोलग पुढचंही सांगतो. बीबीसी हिंदीचं रेडिओ प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं. सहा महिनेही गेले नव्हते. ऑगस्टमधला कागद कुणी जपून ठेवला असेल, तर फेब्रुवारीत त्यातली हिंदीची ओळ गेलेली होती.

शेवटचा प्रश्न, यादीत चूक सापडली तर कुणाला सांगायचं? यादी चालवणाऱ्याला सांगा, त्यांच्या पानावर पत्ता असतो. केंद्रालाही कळवा. बरीच केंद्रं अजूनही उत्तर देतात, काही जण रंगीत क्यूएसएल कार्ड पाठवतात. लिहिताना आकडा, वेळ, रेडिओ कुठला, गाव कुठलं, आणि कार्यक्रमात काय ऐकलं याचे दोन-तीन ठोस तपशील द्या. नुसतं फार छान ऐकू आलं असं लिहू नका, त्यावरून त्यांना काही पडताळता येत नाही. आवाज कसा होता हे सांगायला सिनपो नावाची पद्धत आहे. जोर, दुसऱ्या केंद्राचा त्रास, खरखर, चढउतार आणि एकूण, असे पाच गुण, प्रत्येकी एक ते पाच, जास्त तितकं चांगलं. आणि वेळ यूटीसीची लिहिलीत तर तारीखही यूटीसीचीच लिहा, नाहीतर पहाटे दीडला ऐकलेला कार्यक्रम त्यांच्या नोंदवहीत उद्याचा दिसेल.